घरातले दोन घोगरे आवाज

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. चौथीचा वर्ग, ४४ मुलं, वर पत्रा आणि खिडकीबाहेर वाहता रस्ता. गणपतीत सर्दी-खोकला झाला, तेव्हा बसलेला आवाज अजून पूर्ण आलेला नाही, आता संक्रांत आली. सकाळी बरा असतो, दुपारच्या सुट्टीनंतर फाटतो, रविवारी थोडा सुधारतो. दुर्बिणीतून तपासलं. 'दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी, मागच्या बाजूचं अस्तर लालसर' असा रिपोर्ट आहे. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. गाठ म्हणजे कॅन्सर का? ऑपरेशनने आवाज कायमचा जाईल का? शाळेतल्या एक बाई म्हणतात, तुकडा काढला की रोग पसरतो, ते खरं का? सासूबाई ज्येष्ठमध देतात, गरम पाणी पाजतात, गुळण्या करायला लावतात, त्याचा उपयोग होतो का? घरात सगळे हसतात, कारण आता आमच्याकडे दोन घोगरे आवाज झाले. सासऱ्यांचा (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) दिवाळीपासून तसाच आहे, पण तो बिडीमुळे असणार. त्यांना दुखत वगैरे काही नाही.
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत. मी आधी उत्तर देते ते न विचारलेल्या पाचव्याचं. आण्णांना या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. तुमच्या गाठींना वेळ आहे. बिडी ओढणाऱ्या माणसाचा अडीच महिने बसलेला आवाज मात्र थांबवून ठेवायची गोष्ट नाही. का, ते पुढे सांगते. आत्ता एवढंच करा, त्यांना कोण घेऊन जाणार ते घरात ठरवा आणि मग हे पान पुन्हा उघडा.

ठरलं? मग आता तुमच्याकडे वळू.

रिपोर्टमधल्या 'नोड्यूल'चं आम्ही मराठीत 'गाठ' करतो आणि तिथेच पेशंटचा जीव अर्धा होतो. मी माझ्या पेशंटना 'घट्टा' म्हणते. खुरपं धरून धरून तळहातावर येतो ना, किंवा चपलेच्या अंगठ्यापाशी, तसला. तळहातावरच्या घट्ट्याचा कॅन्सर झालेला कुणी ऐकलाय का? स्वरतंतूंवरच्या घट्ट्यांचाही होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं. पण ते घट्टे नेमके तिथेच का आले, हे कळलं की ऑपरेशनचं, गुळण्यांचं, सगळ्याचंच उत्तर तुमचं तुम्हाला सापडेल. म्हणून जरा आत जाऊ.

'स्वरतंतू' हा शब्दच फसवा आहे. मिरजेच्या परिसरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला तर तंतू म्हटलं की सतारीची तारच दिसते. १७४१ साली फेरें नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने या अवयवाची तुलना तंतुवाद्याच्या तारांशी केली आणि ते नाव जगभर चिकटलं. प्रत्यक्षात घशात तारबीर काही नाही. कंठमण्याच्या आत, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन्ही भिंतींवरून आत आलेल्या दोन घड्या आहेत. पुढच्या टोकाला त्या एकत्र जोडलेल्या असतात, मागे उघडतात आणि मिटतात. श्वास घेताना दार उघडं, बोलताना बंद. बायकांमध्ये ही घडी सव्वा-दीड सेंटीमीटरची, पुरुषांत त्याहून साधारण अर्धा सेंटीमीटर लांब. म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर चौथीचा वर्ग चाललाय.

नाकापासून फुप्फुसापर्यंत हवेच्या वाटेला आतून एक ओलसर अस्तर असतं. त्याच्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सतत हलत राहून धूळ अडकलेला कफ वर ढकलतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. स्वरयंत्रातही बहुतेक जागी हेच अस्तर आहे. घड्यांच्या कडांवर मात्र ते बदलतं. तिथे चपट्या पेशींचे एकावर एक थर असतात, तोंडाच्या आतल्या कातडीसारखे. जिथे दिवसभर घासाघीस चालते तिथे केसाळ नाजूक अस्तर टिकणारच नाही. त्या कडेवर स्राव करणाऱ्या ग्रंथीही नाहीत. मग ओलावा येतो कुठून? घड्यांच्या जरा वर दोन्ही बाजूंना एकेक खोबण आहे. मोर्गान्यी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तिथल्या ग्रंथींचा पातळ स्राव खाली झिरपतो, शिलाई मशीनला वरच्या भोकातून तेल सोडावं तसा. हे वंगण लक्षात ठेवा, सासूबाईंच्या गरम पाण्याशी त्याचा संबंध आहे.

अस्तराच्या लगेच खाली एक मऊ, पातळ थर आहे. शहाळ्यातली कोवळी, चमच्याने उचलली तर थरथरणारी मलई आठवा. १८९५ मध्ये राइन्के या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला राइन्केची जागा म्हणतात. त्याच्या खाली रबरासारखे लवचीक धागे, मग चिवट धागे आणि सर्वांत आत स्नायू. आता डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी उजव्या हाताच्या चिमटीत धरून हलवून बघा. सरकते ना? तीच चिमूट टाचेला लावा. टाच ढिम्म हलणार नाही. स्वरतंतूंवरचं अस्तर हाताच्या पाठीसारखं सरकतं ते या मलईमुळे. जपानच्या मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात हे नीट मांडलं : आतला स्नायू म्हणजे अंग, वरचं अस्तर म्हणजे पांघरूण. फुप्फुसातून हवा वर आली की पांघरुणावर लाट उठते, दोन्ही घड्यांच्या लाटा एकमेकींवर आपटतात, हवेचे तुकडे पडतात, आणि तोच आपला आवाज. लाट जिथे अडते तिथे आवाज घोगरा होतो. अडवणारं काहीही असो, घट्टा, सूज, व्रण, पांढरा चट्टा किंवा कॅन्सर, कानाला ते सगळं सारखंच ऐकू येतं. फोनवर आवाज ऐकून निदान सांगा म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते ते यासाठीच.

बाईच्या साध्या बोलण्यात या घड्या सेकंदाला साधारण २०० वेळा आपटतात. शाळेच्या पाच-सहा तासांत प्रत्यक्ष घशातून आवाज निघण्याचा वेळ दीडच तास धरा. म्हणजे ५,४०० सेकंद, गुणिले २००. हे उदाहरण तुमची चौथीची पोरं सोडवतील : दहा लाख ऐंशी हजार. तेही साध्या बोलण्याचं. तुम्ही तर पत्र्यावरचा पाऊस आणि बाहेरचे ट्रक यांच्या वर आवाज चढवून शिकवताय, त्यात टक्कर जास्त जोराची. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी जशी मध्यावर सर्वांत जास्त झुलते, तशी ही घडीही तिच्या हलणाऱ्या भागाच्या मध्यावर सर्वांत जोरात आपटते. घट्टे बरोबर तिथे, दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात. शिक्षिका, गायिका, भाजी विकणाऱ्या मावश्या आणि दिवसभर ओरडत खेळणारी पोरं ही आमच्याकडची नेहमीची मंडळी. पुरुषांपेक्षा बायकांत ते जास्त, कारण घडी आखूड आणि टकरा दुप्पट.

गणपतीतल्या सर्दीने काय केलं? अस्तर सुजलं. सुजलेलं अस्तर चार-सहा दिवस गप्प बसलं असतं तर उतरलं असतं. तुम्ही रजा घेतली नसणार. (घेतली असती तर वर्ग दुसऱ्या बाईंवर पडला असता, मला माहीत आहे.) सुजलेल्या घड्या मिटवायला जास्त जोर लागला, जोराने सूज टिकली, आणि त्या सुजेचे हळूहळू घट्टे झाले. 'सकाळी बरा, दुपारी फाटतो, रविवारी सुधारतो' हे तुमचं वाक्य माझ्यासाठी रिपोर्टइतकंच मोलाचं आहे. विश्रांतीने जो आवाज सुधारतो त्याच्या मुळाशी बहुधा वापराची सूज असते, आणि ती अजून मऊ असते.

म्हणूनच ऑपरेशनची घाई नको. ज्यांनी सुचवलं त्यांना मी चूक म्हणणार नाही, मी तुमचा घसा पाहिलेला नाही. पण समोरासमोरच्या साध्या घट्ट्यांना पहिला उपचार आवाजाच्या व्यायामाचा, हे आता सर्वमान्य आहे. घट्टा कापला आणि शिकवायची रीत तीच राहिली, तर खुरपं तेच आणि हातही तोच, घट्टा परत येणार. दुसरी भीती तुम्हीच विचारलीय. आवाज 'कायमचा जाणं' फार दुर्मीळ आहे. खरा धोका मलईच्या थराला इजा होऊन वण पडण्याचा. मग हाताच्या पाठीची टाच होते, अस्तर खाली चिकटतं, लाट उठत नाही. तसा वण दुरुस्त करणं आम्हाला अजूनही फारसं जमत नाही. म्हणून हे ऑपरेशन सूक्ष्मदर्शक लावून, अगदी वरवर, गरजेपुरतंच करायचं असतं. एकाच बाजूला लोंबणारा पॉलिप असेल (जत्रेत एकदा बेंबीच्या देठापासून ओरडल्यावरही तो येतो) किंवा अस्तराखाली पाण्याची पिशवी असेल, तर व्यायामाने ते सहसा जात नाही, तिथे मी स्वतः ऑपरेशन करा म्हणते. कधी एका बाजूला अशी पिशवी असते आणि तिच्या घासण्याने समोर घट्टा येतो, मग दोन्हीकडे घट्टेच वाटतात. हे ओळखायला दोन-तीन महिने व्यायाम करून पुन्हा दुर्बीण घालायची. तेव्हा शक्य झालं तर स्ट्रोबोस्कोपी सांगा. त्यात लुकलुकत्या प्रकाशामुळे ती लाट संथ झालेली दिसते, कुठे अडते ते कळतं.

एक गंमत सांगते, शिक्षिका म्हणून तुम्हाला आवडेल. जिवंत माणसाच्या बोलत्या-गात्या स्वरतंतूंचा पहिला नीट अभ्यास कुणा डॉक्टरने केला नाही, गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरने केला. मान्युएल गार्सिया. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच घड्या उघडमीट करताना पाहिल्या. पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. माणूस १०१ वर्षं जगला. आमच्या साऱ्या दुर्बिणी त्या आरशाच्या नाती-पणती.

आता करायचं काय? वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट भेटतात, तुमच्या भागात मिरजेचं शासकीय महाविद्यालय आहे. बोबडं बोलणाऱ्या मुलांसाठीच ते असतात असा आपल्याकडे समज आहे, तो सोडा. तोपर्यंत एक व्यायाम घरी सुरू करता येईल. अर्ध्या बाटली पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि त्यातून 'ऊऽऽ' असा हलका सूर काढत बुडबुडे सोडा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, एखादी फेरी वर्गावर जायच्या आधी. ओठांपाशी अडलेल्या हवेचा दाब मागे घड्यांवर येतो, त्यामुळे त्या एकमेकींवर आपटण्याऐवजी अलगद टेकतात. आपल्याकडे भ्रामरी किंवा ओंकारातला लांबवलेला मकार याच जातीचा. हळू आवाजात करत असाल तर तोही चालेल. खड्या आवाजातला सामूहिक ओंकार मात्र सध्या बंद.

वर्गात कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माइक वापरा. कीर्तनकार, टूर गाइड, क्लासवाले सगळे वापरतात आता, किंमतही परवडणारी असते. सुरुवातीला पोरं हसतील, आठवड्यात सवय होईल. माझ्या शिक्षक पेशंटना औषधांपेक्षा या डबड्याने जास्त आराम पडलाय, हे मी जरा लाजतच कबूल करते. गप्प करायला घंटी किंवा टाळीची खूण ठरवा. कविता मुलांकडून म्हणून घ्या. पाढे तर त्यांचेच काम. आणि खाकरणं थांबवा! घसा साफ करायला जोरात खाकरता तेव्हा त्याच दोन घड्या ताडकन आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी. कुजबुजणंही नको. कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे, बऱ्याच जणांचा घसा त्यात उलट जास्त आवळतो. आठवडाभर मौन पाळायचीही गरज नाही, हळू आणि जवळून बोला.

मागच्या बाजूच्या लालीबद्दल थोडक्यात. रात्रीचं जेवण झोपेच्या तोंडावर होत असेल तर आम्ल वर येऊन मागचं अस्तर लाल होतं, हे खरं. पण काहीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या घशातही तशी लाली दिसते. खाकरल्यानेही येते. 'लाल दिसलं, पित्ताची गोळी द्या' हे आमच्या धंद्यात जरा सैल झालंय. दिलेला कोर्स घ्या, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा आणि फरक नसेल तर गोळ्या वर्षानुवर्षं ओढू नका.

सासूबाईंचं काय सांगू? त्यांची माया खरी, नकाशा थोडा चुकलाय. गिळलेलं पाणी, मध, काढा यांतलं काहीच स्वरतंतूंना शिवत नाही. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण पडतं आणि सगळं मागच्या अन्ननलिकेत जातं. चुकून थेंब स्वरतंतूंवर पडलाच तर ठसका लागतो, यावरूनच ओळखा. गुळण्यांचं पाणीही पडजिभेच्या आसपास खेळून बाहेर येतं. तरी पाणी भरपूर प्याच, कारण शरीरात पाणी असेल तर त्या खोबणीतलं वंगण पातळ राहतं. थेट तिथवर पोचते ती फक्त वाफ. साध्या पाण्याची घ्या, बाम टाकू नका. ज्येष्ठमधाची कांडी अधूनमधून चघळायला हरकत नाही, तोंडाला लाळ सुटते, घशाला बरं वाटतं. रोज मात्र नको. सतत आणि जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नको. सासूबाई स्वतःही घेत असतील तर त्यांनाही सांगा.

आता पुन्हा आण्णांकडे.

नवीन नवीन दवाखाना टाकला होता तेव्हाची गोष्ट. पन्नाशीतला एक माणूस आला, आवाज बसलेला, तंबाखू आणि बिडी दोन्ही. मी आरशाने पाहायचा प्रयत्न केला, त्याला उमासे आले, नीट दिसलं नाही. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हटलं. तो चार महिन्यांनी आला, बसल्या जागी श्वासाचा घर्र घर्र आवाज करत. चूक माझी होती. नीट दिसलं नव्हतं, तर दिसेपर्यंत सोडायला नको होतं. 'दुखत वगैरे काही नाही' हे तेव्हा त्याची बायकोही म्हणाली होती. तुमच्या पत्रातल्या त्या ओळीवर माझी नजर अडकली ती त्यामुळे.

स्वरतंतूंवरचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. आवाज बदलतो, बस्स. एका अर्थाने हे नशीबच, कारण घडीच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढं काही उगवलं तरी लाट अडते आणि घोगरेपणा लगेच ऐकू येतो. शिवाय या घड्यांना रसवाहिन्या (कॅन्सर ज्यांतून मानेतल्या गाठींकडे पसरतो त्या बारीक नळ्या) फार थोड्या, म्हणून रोग बराच काळ तिथेच थांबून राहतो. त्या टप्प्यावर सापडला तर रेडिएशनने किंवा लेझरने दहातले साधारण नऊ जण बरे होतात आणि बोलतही राहतात. घड्यांच्या वरच्या भागात, झाकणाजवळ, गणित उलटं आहे. तिथे आवाज उशिरा बदलतो आणि रसवाहिन्या भरपूर असल्याने मानेत गाठ लवकर येते. उशीर झाला की कधी कधी सगळं स्वरयंत्रच काढावं लागतं.

आण्णांना कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही. बिडीच्या धुराने राइन्केच्या जागेत पाणी साचून घड्या फुग्यासारख्या होतात, आवाज जाड होतो, तेही असू शकेल. बिडी सोडली की ते बऱ्यापैकी उतरतं. धुराने केसाळ अस्तराचं रूपांतर चपट्या पेशींत होतं, कफ वर ढकलणारे केस जातात, म्हणून बिडीवाला दिवसभर खाकरतो. त्याच्या पुढची पायरी पांढरे चट्टे, त्यातले काही निरुपद्रवी, काही कॅन्सरच्या वाटेवरचे. नुसतं बघून ते सांगता येत नाही. स्वरयंत्राचा क्षय आपल्याकडे अजून विसरण्यासारखा नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, गिळताना कळ असं काही असेल तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. दम्याचा पंप घेत असतील तर त्यातल्या स्टेरॉइडने घशात बुरशी येते. आणि छातीचा एक्स-रे काढाच. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते, त्यामुळे छातीतला रोगही कधी कधी आवाज बसवतो. यातलं नेमकं काय आहे, हे 'बिडीमुळे असणार' म्हणून घरी ठरवता येत नाही. तुमच्यासारखीने तीन-चार आठवडे वाट पाहिली तर चालतं. धूर ओढणाऱ्याने तेवढीही पाहू नये. बिडीत तंबाखू थोडा म्हणून ती सौम्य, असं ते म्हणतील. पानात गुंडाळलेली बिडी विझू नये म्हणून जोरजोरात ओढावी लागते, त्यात डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही. सोबत दारू असेल तर धोका कित्येक पटीने वाढतो.

तुमच्या शाळेतल्या बाईंचा प्रश्न इथे येतो, कारण आण्णांचा तुकडा कदाचित काढावा लागेल आणि 'सुरी लागली की पसरतं' म्हणणारा एखादा पाहुणा त्या दिवशी हमखास घरी येईल. त्याला जर्मनीतल्या प्रशिया या राज्याच्या युवराजाची गोष्ट सांगा. १८८७ च्या सुरुवातीला युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. स्वरतंतूवर छोटी वाढ दिसली. मे महिन्यात बर्लिनच्या डॉक्टरांनी गळा उघडून ती काढायची तयारी केली. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेंझी हे त्या काळचे नामांकित घसातज्ज्ञ आले. आधी तुकडा तपासू म्हणाले. तुकडा पाहिला तो साक्षात जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खोने, ज्याच्या पुस्तकांवर आम्ही वाढलो. त्याला कॅन्सर दिसला नाही, ऑपरेशन रद्द झालं. नोव्हेंबरात इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमोत असताना रोग उघड झाला. फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये वडील वारले आणि युवराज सम्राट झाला, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता, चिठ्ठ्यांवर लिहून राज्य चालवलं. ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ ला, गेला. दोन्ही देशांचे डॉक्टर त्यानंतर बरीच वर्षं एकमेकांवर चिखलफेक करत राहिले. तुकड्याने त्याचा रोग पसरवला नाही. तुकडा वरवरचा आला आणि 'काही नाही' यावर सगळे निर्धास्त झाले, त्यात वेळ गेला. म्हणून तुकडा काढू द्या, आणि 'काही नाही' आलं तरी आवाज सुधारत नसेल तर पुन्हा दाखवा. तुमच्या घट्ट्यांचा तुकडा, बाई, सध्या कुणालाच नकोय.

आण्णा यायला तयार होणार नाहीत, हे मला न सांगताच कळतं. बारीक दुर्बीण नाकातून जाते, आधी बधिर करणारा फवारा मारतात, पाच मिनिटांत काम होतं, भूल नाही, भरती व्हायचं नाही, असं सांगून बघा. खर्चाचा विषय निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. डॉक्टर विचारतील ते आजच लिहून काढा : दिवसाला किती बिड्या, किती वर्षं, गिळताना अडतं का, कानात ठणका मारतो का (घशाच्या रोगाची कळ पुष्कळदा कानात उठते), थुंकीत रक्त, मानेत गाठ, उतरलेलं वजन. श्वास घेताना आवाज येत असेल तर तारीख-बिरीख पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

एवढं करूनही बसून राहिले तर एक युक्ती चालते, शेकडो घरांत चाललेली पाहिली आहे. त्यांना म्हणा, 'माझा घसा पुन्हा दाखवायचाय, हे कामावर आहेत, तुम्ही सोबत चला.' सुनेला सोबत करायला सासरे नाही म्हणत नाहीत. खिडकीवर गेल्यावर केसपेपर दोन काढा, पहिला आण्णांच्या नावाचा.